दोरीला बांधलेलं पेन

डिचोलीच्या बाजारात माझं औषधांचं दुकान.
बुधवारी दारातच हरमल मिरच्यांचे वाटे लावून
सत्यवती बसते. गावातली बातमी
आधी तिच्या मिरच्यांवरून जाते, मग माझ्या काउंटरवरून.

या बुधवारी बातमी एकच होती.
नगराध्यक्षा हेमांगी वळवईकर, त्यांची मुलगी
आठवडाभर बारावीच्या वर्गात नाही.
कोणी म्हणे बांबोळीला, कोणी म्हणे बेळगावला मावशीकडे.
बोटांवर महिने मोजणारे मोजून मोकळे झालेले.

"गटारांची उद्घाटनं करत हिंडली,
घरात काय तुंबलंय ते दिसलं नाही."
भुसारी म्हणाला, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन
पुन्हा एकदा म्हणाला, जरा मोठ्याने.
"आई घरात असती तर..." निवृत्त हेडमास्तर
रक्तदाबाच्या गोळ्या मोजून घेत होते.
बापाचं नाव कोणी काढलं नाही.
तो वीज खात्यात आहे, साडेपाचला घरी असतो,
पण त्याला कुठे कोणी निवडून दिलं होतं?

मी सुटे परत देत होतो.
माझ्याकडे सुटे नेहमी असतात, मत नसतं,
असं गावात म्हणतात.

ते पेन अजून तिथेच आहे,
गल्ल्याच्या खिळ्याला सुतळीने बांधलेलं.
दोन वर्षांपूर्वी त्याच पेनाने
एकशे बासष्ट सह्या झाल्या.
नर्स इस्पेरांस हायस्कुलात येऊन
मुलामुलींना शरीराबद्दल सांगणार होती,
सहा शनिवार, एकेक तास.
अर्जात लिहिलं होतं, "कोवळ्या मनांना नको ते सुचवू नये."
भुसाऱ्याची सही. हेडमास्तरांची इंग्रजीत, खाली दोन रेघा.
सत्यवतीचा अंगठा. कशासाठी ते तिने विचारलं नाही,
आम्ही सांगितलं नाही.

हेमांगीबाई आधी हो म्हणाल्या होत्या,
भाषणातसुद्धा.
मग तो कागद त्यांच्या टेबलावर गेला.
निवडणूक अकरा आठवड्यांवर होती.
इस्पेरांसने तक्ते गुंडाळले
आणि साखळीच्या बसमध्ये मांडीवर घेऊन बसली.
मी दुकानातून पाहिलं.

एकशे त्रेसष्टावी सही माझी.
दुकान चालवायचं असतं.

आणि हे कोणाला सांगितलेलं नाही.
चवथीच्या आधी, दुपारी, बाजार झोपलेला असताना
ती आली होती. गणवेशात, छत्री न मिटता.
तिचं नाव इथे लिहीत नाही,
गावाने ते पुरेसं झिजवलंय.
व्हिटॅमिनच्या बाटल्यांची लेबलं वाचत राहिली,
एक, दुसरी, परत पहिली.
मग म्हणाली, "काका, एक विचारू?"

मला कळलं होतं.
म्हणूनच मी मोठ्याने म्हणालो,
"आईला सांग गो, थायरॉइडच्या गोळ्या आल्यात."
तिने चघळायच्या गोळ्यांचं एक पाकीट घेतलं, घशासाठी.
सुटे बरोबर दिले.
तिला खोकला नव्हता.

संध्याकाळी पदेराचा भोंगा वाजत गेला.
सत्यवतीने उरलेल्या मिरच्या गोणत्यात भरल्या,
जाताना म्हणाली, "पोर जेवते काय रे नीट?"
दिवसभरात हे विचारणारी ती एकटी.

शटर अर्धं ओढून मी सुतळी कापली.
पेन कागदावर फिरवून पाहिलं. चालतंय अजून.
माझा साईश दहावीत आहे,
घरी गेलो की आम्ही क्रिकेटचं बोलतो.

सलाइनच्या जुन्या खोक्यावर एक नंबर लिहिलेला होता,
अर्धा पुसट. दोनदा चुकला.
तिसऱ्यांदा तिने उचलला.
मी नाव सांगितलं, दुकान सांगितलं.
मागे कुकरची शिट्टी झाली.
"सह्यांवाले?" इस्पेरांसने विचारलं.
"हो."

तिने फोन ठेवला नाही.
मी शब्द शोधतोय. ती थांबलीय.
दुसरी शिट्टी झाली.