वीस फूट

दुकानदार म्हणाला, पाच केव्हीएचं घ्या बहेनजी,
एसी ओढेल, लग्नाचा मांडव ओढेल.
आमच्याकडे ना एसी, ना लग्न.
मी पिशवीतून लाइटबिल काढलं, पाठकोऱ्या बाजूला मांडत गेले:
मुकुंदाचं ऑक्सिजनचं यंत्र, साडेतीनशे वॅट.
पंखा, ट्यूब, दोन्ही मिळून शंभराच्या आत.
फ्रिज दीडशे, पण सुरू होताना तिप्पट मागतो.
छत्तीस वर्षं मुलींना सांगत आले, हातचा विसरू नका.
हातचा धरूनही हजाराच्या आत.
दोन केव्हीए पुष्कळ.
फक्त करंट गुळगुळीत हवा; मुकुंदाच्या यंत्राला
धक्के सोसत नाहीत, मुकुंदालाही नाहीत.
म्हणून जरा महागातलं घेतलं
आणि ई-रिक्शातून मांडीला मांडी लावून
दौलतगंजात आणलं.

मिस्त्री म्हणाला, दोन्ही टोकांना पिना लावून देतो,
सॉकेटात खोचलीत की सगळं घर उजळेल.
मी म्हटलं, आणि खांबावर चढलेला माणूस?
उलटा करंट त्याच्याकडे जाईल त्याचं काय?
तो गप्प झाला. त्याचा मेव्हणाच लाइनमन.
मग जाड, तीन तारांची लांब वायर आणून दिली,
मजुरीही घेतली नाही.

पुस्तिकेत एक चित्र होतं: घर, खिडकी,
खिडकीवर फुली, आणि एक बाण.
वीस फूट.
आमची गल्ली नऊ फुटांची.
मागचं अंगण शिवणाच्या टेपनं मोजलं, अकरा.
पुढे भिंत. भिंतीपलीकडे कुशवाहांची म्हैस,
आणि कुशवाह,
ज्यांच्याशी नालीच्या पाण्यावरून
आम्ही अकरा वर्षं बोललो नव्हतो.
फुटाला एक वर्ष.

जूनमधली आँधी. साडेदहाला लाइट गेली.
मुकुंद शिलकी सिलिंडरवर; काटा उतरत होता.
तरुणपणी गिरणीत त्यानं जो कापूस श्वासात घेतला
तो अजून पिंजून संपलेला नाही.
मशीन जिन्याखाली ठेवावं, असं मनात आलं.
दार किलकिलं ठेवू. एका रात्रीचा तर प्रश्न.
दूध करपलं तर कळतं, गॅस गळला तर कळतं,
हा धूर मात्र वासाचा भाग बाहेर ठेवून
पाय न वाजवता आत येतो
आणि घरातल्यांना एकेक करून झोपवतो.
ज्याच्या जोरावर भावाला श्वास देणार
त्याचाच उच्छ्वास असा.

मी पदर तोंडावर धरला आणि कुशवाहांची कडी वाजवली.
बनियनवर, हातात टॉर्च.
मी एवढंच म्हटलं, वीस फूट हवेत.
नालीचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही नाही.
स्वतः पावलं टाकत मोजत गेले:
"मेरे पाँव से बाईस."
म्हैस दुसऱ्या दावणीला नेली,
वर पत्रा, चारी बाजू उघड्या,
धुराड्याचं तोंड रिकाम्या प्लॉटकडे.
वायर नालीच्याच पाइपावरून अलीकडे आली.

चोक. दोरी. तिसऱ्या हिसक्याला धरलं.
आधी फ्रिज, तो स्थिरावला की मुकुंदाचं यंत्र,
मग पंखा.
खिडकीतून त्याची खूण आली, बोट वर.

दोनच्या सुमाराला पेट्रोल संपत आलं.
मुकुंदाला पुन्हा सिलिंडर लावून मशीन बंद केलं.
तापलेल्या टाकीत पेट्रोल ओतायचं नसतं, थांबायचं असतं.
थांबलो. त्या शांततेत
कुशवाह म्हणाले, तुमच्या भावाची शिटी ऐकायचो आम्ही,
कामावर जाताना वाजवायचा.
मला ते आठवत नव्हतं.
मी म्हटलं, हो.

सकाळी ते हिशेब घेऊन आले:
आवाजानं म्हशीनं दूध चोरलं, लिटरभर कमी.
मी मुकाट्यानं पैसे दिले, बेरीज तपासून.
वायर मात्र काढली नाही.