प्रश्न चौथा, गुण पाच

रोमन रंगभूमी आणि समाज. टीप लिहा.
अठ्ठावन्न पेपरांत तेच ते :
पुढे सिनेटर, मग चौदा रांगा सरदारांच्या,
पार वर, मागे, बायका आणि गुलाम,
उन्हासाठी कापडाचं छत.
माझ्याच नोट्स.
फळ्यावर घाईत मी 'मूखवटा'तला मू दीर्घ काढला होता,
तोही सगळ्यांनी जसाच्या तसा उतरवलेला.

एकोणसाठावा सुकदेव हिलाल शिरसाठचा.

'आधी रोममध्ये थिएटर लाकडाचं असायचं,
उत्सव संपला की मोडून टाकायचे.
आमचा तंबूही तसाच, सर.
सारंगखेड्याला, घोडेबाजाराच्या मागे, तापीच्या अंगाला,
बावीस खुंट्या. मी मोजून ठोकतो.
पुढे सोफे : सरपंच, कारखान्याचे डायरेक्टर, फौजदार.
मग खुर्च्या. मग ताडपत्री.
बायका बांबूपलीकडे.

रोममध्ये नटाला इभ्रत नसे,
नाव कागदावर वेगळं लिहीत.
माझ्या वडिलांचं नाव सगळ्यांच्या यादीत आहे, मतदानही करतात.
वगात ते राजाचे नोकर होतात. म्हणतात,
"मालक, तुमना डोकावर मुकुट शे,
का मुकुटखाले डोकंच नई?"
सगळ्यात मोठ्याने सरपंच हसतात,
शंभराची नोट टाचणीने त्यांच्या टोपीला लावतात.
सकाळी त्याच सरपंचांच्या ओट्याखाली
वडील चपला हातात घेऊन उभे,
पुढच्या सुपारीचं विचारायला.
तेव्हा कुणी हसत नाही.
तेच दोघं असतात, सर.

रोममध्ये गुलामाचं सोंग
खरा गुलामच करायचा का?
नोट्समध्ये नाही.'

टोपण काढलेलं लाल पेन
किती वेळ हातात होतं कोण जाणे.
बाहेर शहाद्याच्या रस्त्याने उसाच्या बैलगाड्या,
एकामागून एक, जू करकरत.

गेल्या मार्गशीर्षात मीही होतो त्या तंबूत.
दुसरी रांग, सोफ्यांच्या लगेच मागे.
मफलर नाकापर्यंत,
कुणी विद्यार्थी बघायला नको म्हणून.
मुकुटाच्या वाक्याला हसलो,
ते मफलरच्या आत.
दारावर तिकीट कुणी मागितलं नाही.
मला वाटलं, माणसाकडे पाहून कळतं त्यांना.

पानाच्या तळाशी, रेघ मारून,
बारीक अक्षरात :
'तुम्ही आलेलात तेव्हा बॅटरी माझ्याच हातात होती.
मी दारावर सांगितलं, आमचे सर आहेत,
पुढे बसू द्या.
वेळ संपली म्हणून उत्तर अपूर्ण.'

समासात साडेतीन लिहिले. खोडले.
'विषयांतर' लिहिलं. तेही खोडलं,
आता ते खोडलेलंच जास्त दिसतंय.
मग निदान शुद्धलेखन तरी, म्हणून
पुन्हा वरून वाचत आलो,
मुखवटा कुठे लिहिलाय ते शोधत.

एकदाच लिहिलाय.
ह्याचा एकट्याचा
ऱ्हस्व आहे.