तीन मिनिटं

डेटनच्या एका उपनगरात, नगरसभेपुढे
विल्मा क्रुगरला बोलायला तीन मिनिटं.
ती आधी बूट दाखवते, चिखलाचे.
रस्त्याला पदपथ नाही, चरातून आली.

"डोळे गेले तेव्हा मोटार विकली.
गॅरेज रिकामं आहे.
तिथे खोली बांधून
ओडेसाला भाड्याने देऊ द्या.
माझं औषधपाणी बघायला
ती दोन बस बदलून येते.
तिला परवडेल एवढं लहान घर
इथे बांधायलाच तुमची मनाई."

मागून कुणीतरी : वस्तीचं रूप जाईल.

"रूप मला तसंही दिसत नाही.
पावलं ऐकू येतात.
म्हणजे, यायची. पोस्टमनची.
आता तोही गाडीतूनच हात काढून
पत्रं टाकतो."

घंटा.
मतदान पुढच्या महिन्यात.

बाहेर ओडेसा तिचा दंड धरते,
"जपून, डावीकडे चर."
"माहितेय," विल्मा म्हणते,
"चाळीस वर्षं तिथेच आहे."