फुली

जुलैचा दुसरा मंगळवार. शाळेच्या जिममध्ये
बास्केटबॉलच्या रिंगखाली टेबल मांडलंय,
त्यावर लोखंडी पेटी, नावांचा पट,
आणि मागे लाल कोटातला एक पोरगेला शिपाई.
कोट लोकरीचा. बाहेर बत्तीस अंश.
मानेवरून घाम ओघळतोय, पण काढायचा नाही;
राणी गेली, राजा आला, कोट तोच.

दर डोई पाच डॉलर.
पणजोबांच्या वेळीही पाचच.
तेव्हा पाचात पीठ, चहा, बंदुकीची दारू
आणि वर थोडी साखर यायची म्हणे.
आता दुधाची एक पिशवी धड येत नाही.
नोट मात्र कोरी करकरीत,
इतकी की दोन चिकटून निघतात
आणि कारकूनबाई बोटाला थुंकी लावून त्या सोडवते.

मी रांगेत. कडेवर डार्सी, सात महिन्यांची.
तिचं नाव आज पहिल्यांदा पटावर चढायचंय.
होरेसमामाचं उतरायचंय.

"होरेस ओकेमाव," बाई पुटपुटते. "मार्चमध्ये ना? वाईट झालं."
आणि पट्टीसुद्धा न लावता
नावावर फुली मारते.

या फुलीवर मामा फार बोलायचा.
तहाच्या चामड्यावर खाली डावीकडे
साहेबांच्या वळणदार सह्या, शेपट्या सोडलेल्या;
आमच्या बाजूला एकाखाली एक फुल्या.
दुभाष्या म्हणाला होता, टाकाला नुसतं बोट लावा.
पणजोबांनी लावलं.
फुली दुसऱ्यानंच काढली.
मान्य असलं तरी फुली, रद्द केलं तरी फुली,
मामा म्हणायचा, ही कसली लिपी यांची!

तीन दिवस बोलणं चाललं होतं.
चिलीम फिरली, मुलं आजूबाजूला खेळली,
कुणाची तरी कुत्री व्याली.
त्यातलं चामड्यावर काय उतरलं?
'सूर्य तळपेल, गवत उगवेल, पाणी वाहील तोवर',
हे तर सगळं तोंडीच.
आचंद्रसूर्य.

सूर्य आहे. गवतही आहे, काठाला गुडघाभर.
पाणी आता विनिपेगहून फोन आला की वाहतं.
धरणाची दारं तिकडच्या बटणावर;
तळं थंडीत चढतं, उन्हाळ्यात उतरतं, उफराटं,
आणि जाळ्यात मासळीआधी
बुडालेल्या झाडांच्या काटक्या येतात.

सुतळी मात्र लेखी होती. दरसाल, जाळ्यांसाठी.
अजून येते. नायलॉनची, हिरवी.
मामा ती घेऊन पायरीवर बसायचा,
बोटं वाकडी झाली तरी.
"हे बघ, एक दोरी दुसरीवरून गेली की फुली.
आवळली की गाठ.
म्हाताऱ्यानं सही नव्हती केली गं, गाठ मारली होती.
गाठीला दोन टोकं लागतात.
त्यांनी त्यांचं सोडलं असेल,
म्हणून काय गाठ मारलीच नव्हती?
जाळं ढिलं पडतं, एवढंच.
मासे जातात."
मग दातांनी सुतळी तोडायचा.
दात होते तोवर.

"इथं सही," बाई पेन पुढे करते.
माझी सही चांगली वळणदार आहे,
विद्यापीठात गिरवून आणलेली.
डार्सीच्या नावापुढं करते ती, शेपटीसकट.
शिपाई नोट देतो आणि हात मिळवतो, रीतच आहे तशी.
हात ओलाचिंब.
"पाणी आणू का?" मी विचारते.
तो आधी कारकूनबाईकडे बघतो, मग हो म्हणतो.

पाणी घेऊन येईस्तोवर
डार्सीनं नोट तोंडात घातलीय.
"अगं, घाण असते ती!" बाई ओरडते.

असू दे.
दात येतायत तिला.