चौदा मिलिमीटर

स्ट्रोक तोच राहतो, इक्रामभाई सांगतो. नव्वद.
वरखाली जायचं अंतर तेवढंच.
वाढतो तो बोअर, सत्तरचा चौऱ्याऐंशी.
म्हणजे पिस्टनची वाट जुनीच,
फक्त तो अंगानं भरतो.

छावणीतल्या गाळ्यात
अण्णांची साडेतीनशे बुलेट
मुंजीच्या बटूसारखी ठोकळ्यावर बसवलेली,
टाकी उतरवलेली, सगळं उघडं.
सीटखाली सापडली एक काडेपेटी
आणि ओंकारेश्वरच्या धर्मशाळेची पावती.
नाव उडालंय. रक्कम वाचता येते : दोन रुपये.

पाचशेचा बॅरल महूच्या लिलावातला,
पंखांमध्ये कुणा दुसऱ्याच्या रस्त्याची माती.
तो आमच्या क्रँककेसच्या तोंडात बसेना.
तोंड कापावं लागणार.
नंदू पांचाळ केस खरादावर बांधतो,
डायलचा काटा थरथरायचा थांबेपर्यंत
लाकडी हातोडीनं हळू हळू ठोकतो,
मग बटणावरचा अंगठा तसाच ठेवून माझ्याकडे बघतो :
"भिया, सोच लो. कटा हुआ वापस नी जुड़ता."

कीस निघाला, नारळाच्या चवासारखा.
मी चिमूटभर तळहातावर घेतला.
गरम होता.

कारण विचाराल तर भेरूघाट.
दर शिवरात्रीला ओंकारेश्वर.
टाकीवर मी, मागे आई, आईच्या मांडीवर पिशवी.
जाताना काही नाही, उतारच.
येताना तिसऱ्या वळणावर गाडीला धाप लागे
आणि अण्णा मागे न बघता म्हणत,
"उतर गं जरा."
ती उतरायची. पदर खोचून चालू लागायची.
आम्ही दोघं फटफटत वर.
तेव्हा मला त्यात जिंकल्यासारखं वाटायचं.
पुढे कधीतरी लाज वाटायला लागली,
आणि अण्णा गेल्यावर त्या लाजेला
जायला दुसरं घर उरलं नाही.

तेवढ्यासाठी हे चौदा मिलिमीटर.

हेड बदललं. कार्ब्युरेटर अठ्ठावीसचा.
क्लचच्या स्प्रिंगा इतक्या कडक
की डाव्या हाताची बोटं रात्री पोळी तोडायला कुरकुरतात.
ब्रेक मात्र तोच, एकाहत्तर सालचा.
"ताक़त हमने लगा दी," इक्रामभाई हात पुसत म्हणाला,
"रोकना तुमको है."
आर.सी. बुकात अजून तीनशे सेहेचाळीस.
कापलेल्या तोंडाच्या खाली
इंजिनचा नंबर जसाच्या तसा,
जसं काही झालंच नाही.

किक दोनदा उलटली. पोटरीवर निळं उठलं.
तिसऱ्यांदा पकडली.
आवाज असा, की समोरचा चहावाला
कपात ओतता ओतता थांबला.

आई अठ्ठ्याहत्तरची. आयुष्यात पहिल्यांदा हेल्मेट.
"डोक्यावर पातेलं घातल्यासारखं वाटतंय," म्हणाली,
तरी बरवाह्यापर्यंत एकदाही काढलं नाही.
परतताना घाट लागला.
पहिलं वळण, दुसरं.
तिसऱ्याला गाडीनं श्वाससुद्धा बदलला नाही.
मी आरशात तिचा चेहरा शोधत होतो,
शाबासकी हवी असलेल्या पोरासारखा.

पाठीवर दोन बोटं.
"थांब. उतरते."
"अगं, ओढतेय की ती!"
"ओढतेय. कळलं मला. तू हो पुढे."
चपलेतला खडा झटकत म्हणाली,
"वर थांबायचे ते माझ्यासाठी, स्टँड लावून.
गिरणीतला टाइमकीपर माणूस.
दुसरीकडे कुठे थांबले नाहीत कधी."

मी वर जाऊन इंजिन बंद केलं.
बॅरलचे पंख टिक टिक करत निवत होते.
खालून एक ट्रक आला, मागोमाग दुसरा, केळी भरलेला.
मी घड्याळ बघितलं नाही.
मग वळणाच्या कठड्यापाशी ती दिसली,
हेल्मेट काखेत मारून,
अजिबात घाई न करता.