पायरी

आमच्या चर्चमध्ये डोळ्यांत भरावं असं काहीच नव्हतं,
म्हणूनच ते कोपनहेगनहून इतक्या लांब आले.
दिग्दर्शक म्हणाला, इथं अजून हीटर नाही,
माणसांच्या तोंडातून वाफ निघते,
पडद्यावर ती श्रद्धेसारखी दिसते.

ऑक्टोबर होता. मी अठ्ठावीस माणसांचं सूप करायचे
आणि दुपारी पातेली घासून झाली की
मागच्या बाकावर बसून बघायचे
माझ्या बापाला ओरडताना.

थ्योगर. घंटा वाजवणारा. किल्ली त्याच्याकडे.
बावन्न साली दुधाच्या ट्रकमधून
आमच्या वाळूच्या गावात उतरल्या राग्नहिल्डबाई,
पाळकीण नव्हे,
पाळक.
मंडळीतल्या निम्म्यांना तर तो शब्दच उच्चारता येईना.

बापाचं काम करणारा नट चांगला साडेसहा फुटी.
दारात हात पसरून उभा राहतो,
बाईच्या तोंडून देव बोलत नाही, म्हणून गर्जतो,
आणि वरून आगीच्या बंबाचा पाऊस.
सहा वेळा घेतलं ते.
सातव्यांदा खराच पाऊस आला, तर काम थांबवलं.
खरा पाऊस कॅमेऱ्यात दिसत नाही म्हणे.

मी म्हटलं, बाबा ओरडला नव्हता.
मग काय केलं त्यानं? पेन्सिल काढून दिग्दर्शकानं विचारलं.
शनिवारी कुलपात तेल घातलं.
किल्ली दगडाखाली ठेवली.
रविवारी घंटा दिली, आणि आत न जाता
होडीच्या शेडमध्ये जाळं दुरुस्त करत बसला.
त्यानं सगळं लिहून घेतलं. भला माणूस होता.
मग म्हणाला, पण तेल दाखवायचं कसं?

सिनेमात बाई खिडक्या सताड उघडतात.
चेहऱ्यावर ऊन येतं
(तीन माणसं चांदीचा कागद धरून उभी होती)
आणि जुनी गीतपुस्तकं खोक्यात जातात.
खऱ्या बाईंची बोटं थंडीनं सुजलेली असत,
आणि त्यांना जुनीच चाल आवडे,
गावच्या बायका भरलं जाळं ओढावं तशी
जी हळूहळू ओढत नेत, ती.
विजेची घंटा बसवू, असं पंचांनी म्हटलं
तेव्हा नाही म्हणाल्या त्या.
मग थ्योगर काय करेल?

अकरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत.
मध्ये मी.
बाबा, बाई विचारतात, दोर बदलायचा का?
सांग, अजून दोन वर्षं जाईल.
उपदेश चालू असताना तो भिंतीबाहेर पाईप ओढत उभा,
वाऱ्याच्या उलट्या बाजूला,
जिथं थंडी जास्त लागते
पण आतलं ऐकू येतं.
शेवटी त्याला माती बाईंनीच दिली.
हे सिनेमात नाही. सिनेमा त्याआधीच संपतो.

शाळेच्या जिमखान्यात पडदा लावला होता.
सगळं गाव. गर्जना झाली तशी
म्हातारी माग्डा माझ्या कानाशी लागली,
थ्योगर इतकं बोलला असता
तर आधी बायकोशी नसता का बोलला?
आम्ही दोघी हसलो, कुणीतरी शूऽऽ केलं.
नात मात्र हसली नाही.
तिनं माझी बाही ओढली,
पणजोबा वाईट होते का गं?

तेवढ्यात नटी पुलपिटावर चढायला लागली.
चार पायऱ्या ओकच्या, तीनशे वर्षांच्या,
उंच पुरुषांच्या मापानं केलेल्या.
पाचवी मासळीच्या खोक्याची फळी.
ट्रकमधून उतरणाऱ्या बाईवर त्यानं
सुताराची एकच नजर टाकली होती,
आणि शनिवारी रात्री, तेल घालून झाल्यावर,
ही ठोकली होती. एक खिळा वाकडा.
शहरातून आलेल्या कुणाला हे ठाऊक नव्हतं.
सगळे आवाज पुसून त्यांनी वर व्हायोलिन घातलं होतं.

ऐक, मी नातीला म्हटलं.
बघू नकोस. ऐक.
नटीनं पाय ठेवला.

कुर्र.