किल्ल्या सोपवताना

बस, मार्ली. त्या खोक्यावर नको, त्यात ब्लीच आहे.
दुधाच्या क्रेटवर बस.
खुर्ची मागितली होती मी, तिसऱ्या वर्षी.
अजून मंजुरीत आहे.

या सात किल्ल्या.
ही पुढच्या दाराची. फिरवताना दार खांद्याने उचलायचं,
नाहीतर थंडीत ते ऐकत नाही.
ही मागची; ट्रक मंगळवारी पहाटे चारला येतो.
ही तिजोरीची. ही सिगारेटच्या कपाटाची.
ही कशाची ते मला माहीत नाही,
माझ्याआधीच्या बाईलाही नव्हतं,
पण नोंदीत सात आहेत, म्हणून सात.
उरलेल्या दोन तुला आपोआप कळतील,
रात्री अडीचला फोन वाजला, की.

कागद वाचलास ना?
स्टोअर मॅनेजर. सुरुवातीला वर्षाला बेचाळीस हजार डॉलर.
माझ्या वेळी तेहतीस होते.
मी गाडीत बसून मोठ्याने वाचलं होतं, दोनदा.
आमच्या घरात पगाराला ‘वर्षाला’ असं
कुणी म्हटलंच नव्हतं कधी.
बाबा खाणीतल्या पाळीचं बोलायचे, आई तासाचं.
‘वर्षाला’ म्हणताना मला वाटलं,
कुणीतरी मला पुढचं वर्षभर धरून चाललंय.

धरून चालले होते, खरंच.

खाली बारीक अक्षरात बघ: ‘साधारण अठ्ठेचाळीस तास.’
‘साधारण’ हा शब्द रबराचा आहे.
दुकानाला आठवड्याचे तास वरून मापून येतात,
ते धरले तर चावतात, सोडले तर पळतात.
ड्वेनचं पोर तापलं, की ड्वेनची पाळी तू.
फरशी तू. दारातला बर्फ तू.
फ्रीझर बंद पडला तर वितळणाऱ्या पिझ्झ्यांपाशी
टॉर्च घेऊन उभी राहणारी, तूच.
तुझे तास मात्र कुणी मोजत नाही.
पगारी माणसाचे मोजत नसतात.

मी मोजले एकदा. डिसेंबर होता,
शटर पाडून गल्ल्यापाशी उभी होते,
पावतीच्या पाठीवर भागाकार केला.
आठवड्याचे बहात्तर तास.
आठ डॉलर ऐंशी सेंट.
ड्वेनला नऊ पंचवीस होते,
आणि तो सहाला घरी जायचा.

ही बघ ती पावती.
छापलेलं सगळं उडून गेलंय,
काय घेतलं होतं तेही कळत नाही.
पेनाने केलेला भागाकार तेवढा राहिलाय.

मग राहिलीस का, असं विचारू नकोस.
विमा होता. बाबांची छाती होती, कोळशाने भरलेली.
आणि खोटं कशाला बोलू,
गावातल्या बायका मला ‘व्हर्ना, दुकानवाली’ म्हणायच्या,
ते आवडायचं.

खाडीचं पाणी शाळेत शिरलं त्या रात्री
या सगळ्या खोऱ्यात उजेड फक्त इथे होता, जनरेटरचा.
ही पहिली किल्ली, खांदा लावून, मी उघडलं.
कुणाला विचारलं नाही. विचारायला फोनच लागत नव्हता.
म्हातारे कॉम्ब्स नवराबायको तीन नंबरच्या रांगेत झोपले,
कुत्र्यांच्या खाण्याच्या पोत्यांवर.
महिन्याने ऑफिसातून तक्ता आला:
एकसष्ट बाटल्या पाणी, चौदा ताडपत्र्या, हिशेब लागत नाही,
कारण लिहा.
मी लिहिलं: पाणी.

माझ्या फायलीत आहे तो कागद. लेखी समज म्हणतात त्याला.

घेऊ का, असं तुझ्या तोंडावर लिहिलंय.
मला नको विचारू, मी आज सुटतेय,
सुटणाऱ्याचा सल्ला नेहमी हलका असतो.
एवढंच कर. एक वही घे, आपल्या पैशाची.
आलीस किती वाजता, गेलीस किती वाजता, लिहीत जा.
कुणी मागणार नाही. तरी लिही.
आजपासूनच. हा माझ्याजवळ बसलेला तासही धर,
हा काही ते देणार नाहीत.

चल, दार लावून दाखव.
खांदा.
अंहं, डावा.